कॅमेऱ्याने रंग मोजता येतो का? रबाळे, राल ७०३२ आणि एक डेबिट नोट

रबाळेकर
मंडळी, नमस्कार. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे पत्र्यावर रंगाची पूड फवारून ओव्हनमध्ये भाजण्याचं, छोटं युनिट आहे. बहुतेक जॉबवर्क इलेक्ट्रिकल पॅनेलच्या बॉक्सचं, म्हणजे दिवसभर राल ७०३५ नाहीतर राल ७०३२ (राल म्हणजे शेडना नंबर देणारी जर्मन यादी). दोन्ही करडे. ७०३५ फिकट, ७०३२ थोडा पिवळट, खड्यासारखा. सध्या एका पार्टीने वैताग आणलाय. माल पोचला की तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. जुना दरवाजा आणि नवा दरवाजा शेजारी शेजारी, आणि खाली मजकूर: "शेड मॅच नाही, डेबिट नोट पाठवतोय." म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापणार. आमच्याकडे उभं राहून पाहिलं होतं तेव्हा दोन्ही सारखे. त्यांच्या फोटोत मात्र खरंच एक हिरवट आणि एक पिवळट.

रंग मोजायच्या यंत्राची, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरची चौकशी केली. चांगलं यंत्र लाखांत जातं. मेव्हण्याकडे जुना डीएसएलआर पडून आहे. तो नीट कॅलिब्रेट करून रंगाचा असा आकडा काढता येईल का, जो पार्टीसमोर ठेवला तर टिकेल? की फोटोला फोटोने उत्तर एवढंच होईल?

तर्रीबाज
आधी ठाण्याच्या मामलेदार मिसळीच्या तर्रीचा रंग मोजून दाखवा, मग तुमच्या दरवाजांकडे वळू. मध्यम आणि तिखट यातला फरक अजून कुठल्याच कॅमेऱ्याला सापडलेला नाही. तो कानातून धूर निघाल्यावरच कळतो.

वाचनमात्र_२
वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या रंगकामातही हेच भांडण चालू आहे.

नौपाडा_लेन्स
रबाळेकर, मोबाइलचा फोटो हा पुरावा नव्हे, हे पार्टीला आधी पटवा. एक बटण दाबलं की मोबाइल पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, रंग चढवतो, पांढरं कशाला म्हणायचं तेही स्वतःच ठरवतो. वर व्हॉट्सअॅप त्याचा चोथा करतं. बघणाऱ्याला छान वाटावं म्हणून केलेली ही सगळी सजावट, मोजमापाला तीच नडते.

डीएसएलआर असेल तर रॉ फाइल काढा, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, कॅमेऱ्याने सजवलेली जेपेग नको. एक्स्पोजर, आयएसओ, अॅपर्चर, फोकस, सगळं मॅन्युअल. खोलीतले बाकीचे दिवे बंद. आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीची पूर्ण आवर्तनं बसतात. १/५०० वर काढलंत तर एकाच पॅनेलचे दोन फोटो वेगळे येतील आणि तुम्ही पावडरवाल्याला शिव्या घालत बसाल.

मी कॅटलॉगची कामं करतो. प्रत्येक लाइट सेटअपला २४ चौकटींचा कलर चार्ट धरून एक फोटो काढतो आणि त्यावरून प्रोफाइल बनवतो. ग्राहक खूश असतो. पण त्याला मी 'मोजमाप' म्हणणार नाही. 'बरोबर वाटतंय' आणि 'बरोबर आहे' यात फरक आहे.

शंकासुर
हा सगळा उद्योग कशाला? हातात मावणारे कलर रीडर मिळतात, स्वतःचा एलईडी असलेले. पॅनेलवर टेकवा, बटण दाबा, मोबाइलवर आकडा. स्पेक्ट्रोच्या मानाने किंमत फारच कमी. जुना कॅमेरा ओएलएक्सवर विका आणि ते घ्या. विषय संपला.

निवृत्तरंगारी
रबाळेकर, वागळे इस्टेटला रंगाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

तुम्ही म्हणता, त्यांच्या एकाच फोटोत एक दरवाजा हिरवट आणि दुसरा पिवळट दिसतो. नौपाडा_लेन्स यांचं सगळं मान्य, पण या वाक्यावर जरा थांबा. मोबाइलने पांढरं चुकवलं तर ते दोन्ही दरवाजांवर सारखंच चुकेल. दोन्ही निळसर होतील नाहीतर दोन्ही पिवळसर. एक इकडे आणि एक तिकडे जाणार नाही. तेव्हा त्या फोटोत काहीतरी खरं आहे. एक तर एका दरवाजावर बाहेरचा उजेड पडतोय आणि दुसऱ्यावर दिव्याचा. नाहीतर दोन्हींच्या पावडरीतली रंगद्रव्यंच वेगळी आहेत.

करडा रंग बनतो कसा? टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, त्यात कार्बन ब्लॅक, आणि वरून रंगाची चिमूट. ७०३२ ला पिवळेपणा लागतो. तो एक पुरवठादार आयर्न ऑक्साइडने आणतो, दुसरा एखाद्या सेंद्रिय पिवळ्याने. दोघेही दिवसाच्या उजेडाचा जो प्रमाण दिवा, डी६५, त्याखाली शेड जुळवतात. तिथे दोन्ही पॅनेल जुळी भावंडं. दिवा बदलला की जोडी फुटते. याला मेटॅमेरिझम म्हणतात आणि आमच्या धंद्यातली अर्धीअधिक भांडणं याच्यापायीच होतात. म्हणून लाइट बूथमध्ये डी६५, जुन्या पिवळ्या बल्बसारखा ए आणि दुकानातल्या ट्यूबसारखा टीएल८४ असे दिवे आलटून पालटून लावून पाहतात.

आता मला सांगा. जुना आणि नवा दरवाजा एकाच पावडरचे आहेत का? ओव्हनमध्ये माल किती वेळ असतो? २०० अंशांना १० मिनिटं सांगितलेला लॉट पोरं चहाला गेली म्हणून आतच राहिला तर फिकट शेड पिवळी पडते. आणि जाडी किती बसते? ६० ते ८० मायक्रॉन म्हणायचं आणि कोपऱ्यात ४० बसवायची, मग खालचा पत्रा वर डोकावतो. एवढं कळलं की कॅमेऱ्याचं बोलू.

शंकासुर, तुमचा रीडर गुळगुळीत पॅनेलवर कामाचा आहे, नाकारत नाही. पण स्ट्रक्चर फिनिशवर, म्हणजे खरबरीत पृष्ठभागावर, जागा बदलली की आकडा बदलतो. आणि त्या रीडरचा आकडा समोरची पार्टी मानेलच असं नाही.

रबाळेकर
काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पावडर दोन पुरवठादारांची आहे. आधीच्याकडे माल नव्हता म्हणून दुसऱ्याकडून घेतली. डब्यावर मात्र दोन्हीकडे राल ७०३२ च. ओव्हनचं टायमिंग पाळतो. जाडी उद्या मीटर लावून बघतो.

मृण्मयी_ऐरोली
दिवसभर इमेज प्रोसेसिंगच करते, त्यामुळे मूळ प्रश्नात उडी मारायचा मोह आवरत नाहीये. लांबण लागेल, आधीच सांगते.

सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. प्रत्येक पिक्सेलसमोर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांचं या मांडणीचं पेटंट १९७६ चं, आणि त्यात निम्मे पिक्सेल हिरवे. रॉ फाइलमधला आकडा पडलेल्या उजेडाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट उजेड, दुप्पट आकडा, सेन्सर भरेपर्यंत. मोजायचंय ते या सरळपणाच्या जिवावर. जेपेग करताना नेमका तोच वाकवला जातो. फक्त ब्लॅक लेव्हल आधी वजा करा. १४ बिटच्या फाइलमध्ये पट्टी ० ते १६३८३ असली तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्सवर झाकण असतानाही आकडा शून्य येत नाही.

लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांवरून सीआयईच्या (प्रकाश आणि रंगाची प्रमाणं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) एक्स, वाय, झेडवर जायचं असतं. माणसाचा डोळा कुठल्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतो याचं १९३१ साली ठरलेलं जे प्रमाण आहे, ते हे. चार्टवरच्या २४ चौकटींच्या खऱ्या किमती माहीत असतात, कॅमेऱ्याने दिलेले आकडेही हातात असतात. दोन्हींची सांगड घालणारं तीन बाय तीनचं मॅट्रिक्स काढायचं, म्हणजे नऊ आकडे. पायथॉनमध्ये रॉपाय आणि नमपाय घेतलं की काही ओळींचं काम. कोड लिहायचा नसेल तर आर्गिल सीएमएस हा तयार प्रोग्राम फुकट आहे.

खरी मेख पुढे आहे. कॅमेऱ्याचे तीन फिल्टर हे डोळ्याच्या तीन वक्रांची अचूक गोळाबेरीज असते, तर एक मॅट्रिक्स सगळ्या वस्तूंना पुरलं असतं. याला लूथरची अट म्हणतात. आपण दुकानातून आणतो त्यातला कुठलाही कॅमेरा ती पुरती पाळत नाही. त्यामुळे थोडी चूक उरतेच, आणि ती समोर कुठलं रंगद्रव्य आहे त्यावर बदलते. मांडणी चांगली असली तरी सरासरी डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा, दोन-तीनच्या आसपास राहते. तुमच्या पार्टीला एकच्या आत हवं असणार. थोडक्यात, 'हा पॅनेल इतका आहे' असा स्वतंत्र आकडा कॅमेऱ्याकडून घेऊन भांडायला जाऊ नका. 'हा पॅनेल त्या पॅनेलपेक्षा इतका वेगळा आहे' हे मात्र कॅमेरा बरंच चांगलं सांगतो, कारण दोन्ही एकाच फ्रेममध्ये असले की चुकीचा मोठा भाग दोन्हीकडे सारखा येतो आणि वजाबाकीत उडतो.

बाकी, मॅट्रिक्स ज्या दिव्याखाली काढलं त्याच दिव्यापुरतं. दिवा बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

तर्रीबाज
मृण्मयीताई, पहिल्या परिच्छेदापर्यंत मी तुमच्यासोबत होतो. लूथरपाशी उतरलो.

पदर
गोखले रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, कोविडपासून ऑनलाइनही विकतो. जांभळा रंग म्हणजे आमची डोकेदुखी. जांभळी साडी फोटोत निळी दिसते, ग्राहक परत पाठवतात. दुकानात दिव्याखाली बघावी तर रंग तिसराच. यावर काही उपाय आहे का, की जांभळा विकायचाच नाही?

नौपाडा_लेन्स
पदरताई, तुमचा डोळा बरोबर आहे. काही जांभळे लाल टोकाला, जिथे डोळा जवळजवळ मिटतो, तिथे भरपूर प्रकाश परत फेकतात. काही निळ्या-जांभळ्या फुलांचं फिल्मच्या काळापासून हेच दुखणं आहे, फक्त तिथे फूल निळ्याऐवजी गुलाबी यायचं. तुमच्या साडीत उलटं होतंय, कारण डोळ्याला लालसर छटा तरंगलांबीच्या निळ्या टोकालाही जाणवते आणि कॅमेऱ्याचा लाल फिल्टर तिथे बहुतेक झोपलेला असतो. सरसकट उपाय नाही. त्या साडीपुरता रंग हाताने सुधारायचा, साडी शेजारी ठेवून.

हे दुखणं जुनंच आहे. पहिला रंगीत फोटो मॅक्सवेलने १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवला. चौकड्याच्या रिबिनीचा, लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून काढलेला. फोटो काढणारा थॉमस सटन. मजा अशी की त्या काळच्या प्लेटला लाल दिसतच नव्हता, मग लाल आला कुठून? शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकच्या राल्फ एव्हान्स यांनी उलगडा केला. लाल फिल्टरमधून अतिनील किरण जात होते आणि रिबिनीतला लाल रंग अतिनीलही परावर्तित करत होता. म्हणजे प्लेटने टिपलं ते अतिनील, बघणाऱ्यांना दिसला लाल. निकाल बरोबर, कारण साफ चुकीचं!

शंकासुर
हे मॅक्सवेलचं माहीत नव्हतं. झकास. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. चार्ट, दिवे, काळं कापड, प्रोग्राम, एवढ्या खटाटोपात रीडर येतो.

मसालामार्केट
वाशीहून. आमच्याकडे मिरचीचा रंग हाच भाव. ब्याडगी घ्या, तिखटपणा कमी पण रंगाला मागणी. तिथे रंग बाहेरून बघून चालत नाही. पूड अॅसिटोनमध्ये घालून अर्क काढतात आणि ४६० नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते मोजतात. त्याला आस्टा व्हॅल्यू म्हणतात. व्यापारी तरीही मूठभर मिरच्या हातात घेऊन आकडा सांगतो आणि बऱ्याचदा जवळ जातो. बारीक दळली की तीच मिरची फिकट दिसते, म्हणून पुडीचा फोटो बघून सौदा करणारा बुडतो.

घोडबंदरचा_घोडा
रंगावरून आठवलं. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो या वर्षी जास्त गुलाबी वाटले का कुणाला? की माझ्या नव्या मोबाइलची करामत?

नौपाडा_लेन्स
मोबाइलची. फ्लेमिंगोला गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून मिळतो, पण इतका भडक गुलाबी फक्त तुमच्या फोनमध्ये मिळतो. वेगळा धागा काढा हो, इथे रबाळेकरांचे पैसे अडकलेत.

निवृत्तरंगारी
मृण्मयी, फार नेटकं लिहिलंस. त्यात थोडी भर.

प्रकाश पॅनेलवर ४५ अंशांतून पाडायचा आणि कॅमेरा समोरून सरळ बघेल असा ठेवायचा. दोन्ही बाजूंना एक-एक दिवा. चकाकी बाजूला निघून जाते, लेन्समध्ये शिरत नाही. हे का सांगतोय? पुष्कळदा पार्टी ज्याला शेडचा फरक म्हणते तो ग्लॉसचा, म्हणजे चकाकीचा असतो. पावडर तीच, पण ६० अंशांच्या ग्लॉसमीटरवर एक पॅनेल ७० आणि दुसरा ८५. चकचकीत पॅनेल गडद भासतो, कारण पसरलेला पांढरा उजेड डोळ्यात कमी येतो. रंगद्रव्य बदललेलं नसतं. यंत्रातही दोन जाती असतात. एक चकाकी धरून मोजतं, दुसरं वगळून. पार्टीचं यंत्र एका जातीचं आणि तुमचं दुसऱ्या, तर दोघेही खरं बोलत असून भांडण मिटणार नाही.

'पांढरा' म्हणून झेरॉक्सचा ए-फोर कागद कुणी वापरू नका. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतात, अतिनील पडलं की निळसर उजळतात. उन्हात तो वेगळा पांढरा आणि बल्बखाली वेगळा. फोटोच्या दुकानातलं ग्रे कार्ड घ्या.

चार्ट पाकिटात ठेवा, ओव्हनशेजारी उघडा टाकू नका. २४ चौकटींचा मूळ मॅकबेथ चार्ट १९७६ चा, पण २०१४ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या रंगांची घडण बदलली आहे. जुन्या चार्टला नव्या किमती लावल्या तर सगळं गणित पहिल्या पायरीलाच घसरतं.

शंकासुर, रबाळेकरांच्या अडचणीत रीडर एका ठिकाणी तोकडा पडतो. त्याच्या आत एकच दिवा. दिवा बदलल्यावर काय होतं हाच तर इथला वाद आहे.

शंकासुर
हा मुद्दा बरोबर. मान्य.

मृण्मयी_ऐरोली
काका, ग्लॉसचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

रबाळेकर, करायचं ठरलं तर दोन गोष्टी. फ्रेमच्या कोपऱ्यात उजेड मधल्यापेक्षा कमी असतो, दिव्यामुळे आणि लेन्समुळेही. पॅनेलच्या जागी मोठं एकसारखं पांढरं किंवा करडं कार्ड ठेवून एक फोटो काढा आणि प्रत्येक फोटोला त्याने भागा. नाहीतर डावीकडचा पॅनेल कायम 'गडद' निघेल. खात्रीसाठी पॅनेलच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा काढा, फरकही बाजू बदलायला हवा. फरक त्याच बाजूला चिकटून राहिला तर तो पॅनेलचा नाही, दिव्याचा आहे.

दुसरं, चार्टमधले सहा करडे अगदी कोरे करडे आहेत, ७०३२ सारखा पिवळट त्यात नाही. तुमचे वेगवेगळ्या लॉटचे नमुने पावडर पुरवठादाराच्या यंत्रावर एकदा मोजून घ्या, त्यांच्याकडे स्पेक्ट्रो असतोच. त्यातले काही मॅट्रिक्स काढायला वापरा, काही बाजूला ठेवा आणि शेवटी त्यांच्यावर तपासा. ज्या नमुन्यांवर गणित बसवलं त्यांच्यावरच तपासून 'काय भारी आलं' म्हणण्यात अर्थ नाही. मॅट्रिक्सऐवजी मोठी बहुपदी घ्यायचा मोहही नको. चार्टवर चूक एकदम कमी होते आणि एक्स्पोजर थोडं हललं की सगळं कोसळतं. फिनलेसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेली मुळांची बहुपदी एक्स्पोजर बदललं तरी टिकते, पण तुमच्या कामाला साधं मॅट्रिक्सच पुरे.

वाचनमात्र_२
धागाकर्ते गायब. पॅनेल ओव्हनमध्ये विसरले वाटतं.

रबाळेकर
नाही हो, इथेच आहे. ऑर्डरची घाई होती. आता सविस्तर लिहितो.

जाडी मोजली, ठीक होती. मग सरळ पार्टीच्या तळोज्याच्या गोडाउनला गेलो. आत सगळे पिवळे एलईडी बल्ब. त्यांच्याखाली उभा राहिलो आणि जुना-नवा दरवाजा नुसत्या डोळ्यांनी पाहिला. फरक आहे! फोटोत दिसतो तेवढा नाही, पण आहे. तेच दोन दरवाजे बाहेर पत्र्याच्या सावलीत आणले, सारखे. स्टोअरचे साहेब माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे. काकांनी इथे लिहिलेलं तिथे समोर घडत होतं.

नंतर मेव्हण्याचा कॅमेरा आणला. प्लायवूडचा खोका आतून काळा मॅट मारून घेतला, पावडर काय घरचीच. दोन बाजूंना ४५ अंशांत दिवे, वर कॅमेरा. एक जोडी पांढऱ्या चांगल्या एलईडीची, दुसरी जोडी गोडाउनमध्ये आहेत तशाच पिवळ्या बल्बची. मृण्मयीताईंनी प्रोग्राम पाठवला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. एका पुरवठादाराने आमचे नमुने त्यांच्या यंत्रावर मोजून दिले. जुन्या आणि नव्या पॅनेलमधला फरक त्यांच्या यंत्राप्रमाणे डी६५ ला डेल्टा ई ०.७, पिवळ्या दिव्याच्या हिशोबाने १.९. आमच्या खोक्यात पांढऱ्या दिव्याखाली १.१ आणि पिवळ्याखाली २.६ आला. आकडा नाही जुळला, पण कुठल्या दिव्याखाली बोंब आहे ते खोक्याने बरोबर दाखवलं.

मृण्मयी_ऐरोली
भारीच! आकडा न जुळण्याचं एक कारण तुमचा पिवळा एलईडी आहे. यंत्राने जो पिवळा दिवा धरला तो बहुतेक २८५६ केल्व्हिनचा प्रमाण बल्ब, तार तापवणारा. त्याचा वर्णपट सलग चढत जातो. एलईडी तेवढाच पिवळा दिसला तरी त्यात निळ्याचा एक उंचवटा आणि खोल लालात उतार असतो. बल्बच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० लिहिलेलं असलं तरी तो आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीचा असतो. गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, तो त्या आठात धरलेलाच नसतो.

पदर
म्हणून आमच्या दुकानात लाल पैठणी विटकरी दिसते! इलेक्ट्रिशियनला आज आर९ विचारते. तो मला वेड्यात काढणार.

निवृत्तरंगारी
रबाळेकर, गोडाउनमध्ये डोळ्यांना फरक कमी दिसला आणि मोबाइलमध्ये जास्त, हे लक्षात ठेवा. मृण्मयीने लूथरची अट सांगितली ती इथे उपयोगी पडते. डोळ्याला जुळणारी जोडी कॅमेऱ्याला जुळेलच असं नाही, आणि कॅमेऱ्याला जुळणारी डोळ्याला. तेव्हा खोक्याने 'पास' म्हटलं तरी शेवटी दोन्ही दिव्यांखाली माणसाने बघायचं. तरुण पोरगा उभा करा. माझ्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळ्यातले फरक मला आता कमी कळतात.

आणि एक करा. तुमची आणि पार्टीची सही असलेला मास्टर पॅनेल ठेवा, दोन प्रती, एक त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे, काळ्या पिशवीत. चलनावर पावडरचा बॅच नंबर टाका. कुठल्या दिव्याखाली बघायचं हे ऑर्डरवर लिहून घ्या. नुसतं 'राल ७०३२' लिहिलेल्या ऑर्डरवर पुढेही भांडणं होतील, कारण राल हे शेडचं नाव सांगतं, आत कुठलं रंगद्रव्य घालायचं ते सांगत नाही. साधं राल कार्डही प्रमाण म्हणून धरू नका, ते दाखवण्यापुरतं असतं. जुळवायला मॅट आणि ग्लॉसचे वेगळे मूळ नमुने मिळतात.

रबाळेकर
सह्यांच्या पॅनेलला पार्टी तयार झाली. डेबिट नोट अर्ध्यावर आली. पुढच्या लॉटपासून त्यांच्या कामाला एकाच पुरवठादाराची पावडर, तो थोडा महाग आहे तरी. खोका मात्र मोडत नाही. रोज सकाळी पहिला पॅनेल मास्टरशेजारी ठेवून फोटो काढतो, आकडा वहीत जातो. परवा ०.६ चा १.४ झाला. बघतो तर ओव्हनचा एक सेन्सर चुकीचं तापमान दाखवत होता. लॉट बाहेर जाण्याआधी कळलं.

शंकासुर
याला म्हणतात वसूल. मी आता रीडर आणि खोका दोन्ही घ्यायच्या विचारात आहे.

मसालामार्केट
मृण्मयीताई, हा खोका मिरचीपुडीला चालेल का? सौद्यासाठी नाही, गिरणीतून रोज सारखी पूड येते का तेवढंच बघायला.

मृण्मयी_ऐरोली
चालायला हरकत नाही, पण दळण सारखं हवं. एकाच चाळणीची पूड, एकाच ताटलीत, वर काच न ठेवता सपाट करून. काच ठेवली तर तिची चमक मोजाल. आणि शेजारी कालची पूड नको, ती हवेत आणि उजेडात रंग सोडते. मास्टर म्हणून न बदलणारी वस्तू ठेवा, एखादी लाल मॅट टाइल. लाल आहे म्हटल्यावर दिवा चांगल्या आर९ चा घ्या.

निवृत्तरंगारी
रबाळेकर, खोका बघायची फार इच्छा आहे. शनिवारी आलो तर चालेल का? माझ्याकडे जुना ग्लॉसमीटर आहे, घेऊन येतो. मास्टर पॅनेल मऊ कापडाने पुसून ठेवा आणि कडेलाच धरा, पृष्ठभागावर बोटं नकोत.

रबाळेकर
या काका, हक्काने या. अकरानंतर या, तोवर पहिला लॉट ओव्हनमधून बाहेर आलेला असतो. ठाण्याहून वाशी लोकल पकडा, रबाळेला उतरलात की फोन करा, पोराला स्कूटर घेऊन पाठवतो.